रंगवणारीचा हात

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या साध्या, नोकरदार घरांमध्ये जेवणाच्या टेबलावर हाताने रंगवलेली मातीची भांडी असत. पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या ताटलीवर लाल-पिवळी फुलं, सफरचंदं, कोंबडे, रानातले पक्षी, नाहीतर नुसत्या चौकडी. ही भांडी शोधणाऱ्या, जमवणाऱ्या आणि नीट सांभाळू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. त्याचा काळ साधारण 1938 ते 1960 एवढा धरला आहे. जरूर पडली तिथे मागेपुढे गेले आहे, पण मुक्काम या वीस-बावीस वर्षांतच आहे.

एवढ्या थोड्या काळावर आणि इतक्या घरगुती वस्तूवर अख्खं पुस्तक कशासाठी, हे आधी सांगायला हवं. ही भांडी कारखान्यात बनत होती, लाखोंनी बनत होती आणि साध्या पगारदाराला परवडत होती. तरीही त्यांतल्या प्रत्येक भांड्यावर कुणीतरी प्रत्यक्ष कुंचला चालवला आहे. कारखान्याचा वेग आणि माणसाचा हात एकाच वस्तूत असे एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतात. या संग्रहाचं खरं मोल त्या हातात आहे, असं माझं ठाम मत आहे. भांडं दुर्मिळ आहे का, सेट पुरा आहे का, बाजारात त्याला काय येईल, हे प्रश्न त्यानंतरचे. संग्राहकाने सर्वांत आधी कुंचल्याची रेघ वाचायला शिकावं, एवढ्यासाठी पुढची सारी प्रकरणं आहेत.

रेघ वाचायची म्हणजे काय, ते एका ताटलीवर पाहू. टेनेसी राज्यात बनलेली 'ब्लू रिज'ची एखादी साधी फुलांची ताटली उजेडात तिरकी धरावी. लाल फुलाची पाकळी एकाच फटकाऱ्यात काढलेली दिसते. कुंचला रंगाने भरून टेकवला, दाबला आणि उचलत उचलत ओढला. जिथे दाबला तिथे रंग दाट, काळपटाकडे झुकणारा. जिथे उचलला तिथे इतका पातळ की खालची पांढरी माती दिसावी. पाकळीच्या टोकाशी कुंचल्याच्या केसांच्या बारीक रेघा सुटलेल्या असतात. पाच पाकळ्या म्हणजे पाच फटकारे, मध्ये पिवळा ठिपका, देठ एका ओढीत. भाजलेली कोरी माती रंग टेकताक्षणी शोषून घेते, त्यामुळे थबकायला किंवा गिरवत बसायला वाव नसतो. आता त्याच नक्षीची दुसरी ताटली शेजारी ठेवावी. फुलं तितकीच, पानं तितकीच, जागाही त्याच. पण इथे देठ जाड आहे आणि सरळ वर गेला आहे, तिथे तो बारीक आहे आणि टोकाशी वळला आहे. एकीची पाकळी भरलेली, दुसरीची लांबट. अशा चार-सहा ताटल्या मांडल्या की एकाच नमुन्यामागे किती वेगवेगळ्या बायका बसल्या होत्या, ते डोळ्यांना दिसू लागतं.

त्या बायका बसल्या होत्या ते गाव म्हणजे अर्विन. टेनेसीच्या पूर्व टोकाला, अॅपलेशियन डोंगरांत, युनिकॉय परगण्यातलं हे लहान गाव. क्लिंचफील्ड रेल्वेचं मोठं ठाणं तिथे होतं आणि आपल्या मार्गावर उद्योग उभे राहावेत, म्हणजे मालवाहतूक वाढेल, असा रेल्वेचा हिशोब होता. भांड्यांना लागणारी पांढरी माती आणि फेल्डस्पार हे खनिज शेजारच्या उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत मुबलक होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे भांड्यांचा कारखाना निघाला आणि पुढे 'सदर्न पॉटरीज' या नावाने तो चालू राहिला. 'ब्लू रिज' ही याच कारखान्याची भांडी. सुरुवातीची त्याची भांडी इतर कारखान्यांसारखीच होती: आकार साच्यातला आणि वरची नक्षी कागदावर छापून भांड्यावर उतरवलेली. या छापील नक्षीला डेकॅल म्हणतात. 1920 च्या दशकात चार्ल्स फोरमन यांनी कारखाना हाती घेतला आणि ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, खाली हाताने रंगवण्याची पद्धत तिथे आणली. 1938 पर्यंत कारखान्याचं जवळजवळ सगळं काम हातरंगाईवर आलं होतं.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. जपान आणि युरोपातून येणारी स्वस्त भांडी बंद झाली आणि अमेरिकेतल्या दुकानांना देशी मालाशिवाय गत्यंतर उरलं नाही. अर्विनच्या कारखान्याला तो काळ भरभराटीचा गेला. ऐन बहरात तिथे हजाराहून अधिक माणसं कामाला होती आणि त्यांत जवळजवळ 500 जणी फक्त रंगवण्याचं काम करत होत्या. वर्षाला सुमारे 2 कोटी 40 लाख नग बाहेर पडत. हातरंगाईच्या भांड्यांत एवढा मोठा दुसरा कारखाना त्या वेळी अमेरिकेत नव्हता.

या 500 जणी आल्या कुठून? बहुतेक आसपासच्या डोंगरदऱ्यांतल्या वस्त्यांमधून. कलाशाळेची पायरी चढलेल्या त्यांत विरळाच. कारखान्यात येऊन त्या जुन्या रंगवणाऱ्यांच्या शेजारी बसल्या आणि बघत बघत, हात चालवत शिकल्या. आधी सोपं पान, मग देठ, मग पाकळी. काम वाटून घेतलेलं असे. एक जण हिरवा रंग घेऊन पानं आणि देठ काढी, दुसरी लाल फुलं भरी, तिसरी कडेची रेघ फिरवी. त्यामुळे एकाच ताटलीवर दोन-तीन हात सापडतात. पानं निगुतीने काढलेली आणि फुलं घाईत उरकलेली, असा मेळ पुष्कळदा दिसतो. तो दोष समजू नये. दिवसभराच्या कामाची लय त्यात उतरलेली आहे, आणि वाचायला शिकायचं आहे ते हेच.

ब्लू रिजच्या हजारो नक्षी आहेत. संग्राहकांनी आजवर नोंदवलेल्यांची संख्या चार हजारांच्या पुढे जाते. कारखान्यात नक्षींना बहुधा क्रमांक असत. आज प्रचारात असलेली पुष्कळशी नावं मागाहून संग्राहकांनी आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनी दिली. बेटी आणि बिल न्यूबाउंड या दांपत्याने या कामात घातलेले कष्ट मोठे आहेत. आज कुणी 'क्रॅब अॅपल' किंवा 'फ्रेंच पेझंट' असं सहज म्हणतो, त्यामागे अशा लोकांनी वर्षानुवर्षं ताटल्या उलटसुलट करून, फोटो जुळवून केलेली वर्गवारी आहे. नक्षीबरोबर भांड्याचा आकारही ओळखावा लागतो. 'कँडलविक'ची कड मण्यांच्या माळेसारखी, 'कलोनियल'ची पन्हळीदार, 'पायक्रस्ट'ची दुमडलेल्या पारीसारखी. 1950 च्या सुमाराचा 'स्कायलाइन' आकार मात्र साधा, गुळगुळीत आणि नव्या जमान्याचा. एकच नक्षी दोन आकारांवर आली, की ती किती वेगळी वाटते हे पाहण्यातही मजा आहे.

या सगळ्यात काही थोडी भांडी अशी आहेत की ज्यांवर रंगवणारीने आपलं नाव घातलं आहे. मोठ्या थाळ्या आणि ताटल्या, त्यांवर टर्की, लावे, डोंगरातल्या लाकडी झोपड्या किंवा पाणचक्की. ही कामं कारखान्यातल्या सर्वांत कसलेल्या मोजक्या जणींना मिळत. आज बाजारात सर्वाधिक किंमत याच सहीच्या थाळ्यांना येते, आणि ती योग्यच आहे. पण त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या जणींची नावं आपल्याला कळली. उरलेल्या शेकडो जणींनी कोट्यवधी भांड्यांवर जे केलं, त्याखाली कारखान्याचा ठसा तेवढा आहे. हे लक्षात ठेवून साध्या ताटलीकडे पाहावं.

अर्विनवर या पुस्तकात सर्वाधिक पानं खर्ची पडली असली, तरी हातरंगाई हा एका गावाचा मक्ता नव्हता. न्यू जर्सीतल्या 'स्टँगल'ची तऱ्हा निराळी. तिथे लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देत, तो वाळला की त्यावर हत्याराने नक्षीची बाह्यरेषा कोरत, आणि कोरल्या जागी खालची लाल माती उघडी पडे. मग त्या रेषांच्या आत रंग भरत. 1942 पासून निघालेल्या या भांड्यांवर बोट फिरवलं की रेघेचा खळगा लागतो. इथे हात दोन: कोरणारीचा आणि रंगवणारीचा. तिथल्या केय हॅकेट यांनी रेखलेल्या नक्षींचा चाहता वर्ग आजही मोठा आहे.

कॅलिफोर्नियात 'ग्लॅडिंग मॅकबीन' कंपनीने 'फ्रान्सिस्कन' या नावाखाली 1940 मध्ये 'अॅपल' आणि 1941 मध्ये 'डेझर्ट रोझ' ही भांडी काढली. त्यांची नक्षी साच्यातूनच उठावाची येई आणि तो उठाव हाताने रंगवला जाई. डेझर्ट रोझच्या कपाचा कान काटकीच्या आकाराचा, साखरेच्या भांड्याच्या झाकणावर गुलाबाची कळी. 1984 मध्ये लॉस एंजेलिसचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन इंग्लंडला गेलं. म्हणून या भांड्यांच्या बाबतीत पाठीवरचा ठसा पाहिल्याशिवाय बोलू नये. त्याच राज्यातल्या 'मेट्लॉक्स'चे रंगीत कोंबडे 1950 च्या दशकात घरोघरी पोचले. मिनेसोटात मिसिसिपीकाठच्या 'रेड विंग'ने चार्ल्स मर्फी यांनी रेखलेली 'बॉब व्हाइट' ही लावे पक्ष्यांची नक्षी काढली आणि ती विलक्षण खपली. पेन्सिल्व्हेनियातल्या 'पुरिंटन'ची जाड, ओबडधोबड अंगाची भांडी आणि त्यांवरचं मोकळ्या हाताने काढलेलं लाल सफरचंद ज्याला एकदा आवडलं, त्याला बाकीचं सगळं जरा बेतलेलं वाटू लागतं.

त्या काळाच्या अमेरिकन भांड्यांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा नावं येतात ती रचनाकारांची. 1936 ची 'फिएस्टा' फ्रेडरिक ऱ्हीड यांची, 1939 ची 'अमेरिकन मॉडर्न' रसेल राइट यांची, युद्धानंतर रेड विंगसाठी केलेली 'टाउन अँड कंट्री' एव्हा झायसेल यांची. ही भांडी खरोखर सुंदर आहेत आणि त्यांना मिळालेला मान रास्त आहे. त्यांचं सौंदर्य आकारात आणि एकरंगी ग्लेझमध्ये आहे. ते एका माणसाच्या डोक्यातून आलं आणि हजारो नगांवर जसंच्या तसं उतरलं. हातरंगाईच्या भांड्यांचं सौंदर्य याच्या उलट दिशेने आलं. नक्षी कुणीतरी ठरवून दिली, पण ती प्रत्येक नगावर नव्याने काढावी लागली. अशा कामाला एक कर्ता दाखवता येत नाही, म्हणून इतिहासाने त्याला गावठी आणि घरगुती ठरवून बाजूला ठेवलं. हे वर्गीकरण मला मान्य नाही. दिवसाला शेकडो वेळा तीच पाकळी काढूनही ती जिवंत ठेवणं हे कौशल्य आहे, आणि ते रचनेच्या कौशल्याइतकंच दखल घेण्याजोगं आहे.

हे कारखाने बंद पडले त्याची कारणं गूढ नाहीत. युद्धानंतर जपानची भांडी पुन्हा येऊ लागली, तीही पूर्वीपेक्षा चांगली आणि भावाने कमी. मेलामाइनच्या न फुटणाऱ्या प्लॅस्टिक ताटल्या आल्या. डेकॅलची छपाई सुधारली. जिथे प्रत्येक नगाला माणसाचा वेळ लागतो, तिथे मजुरी वाढली की भाव वाढतो, आणि त्या भावाला गिऱ्हाईक मिळेना. सदर्न पॉटरीजने 1957 च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. पुरिंटन 1950 च्या दशकाच्या अखेरीस थांबलं. रेड विंग 1967 मध्ये संपानंतर बंद झालं, स्टँगल 1978 मध्ये, मेट्लॉक्स 1989 मध्ये. अर्विनसारख्या गावात कारखाना बंद झाला म्हणजे शेकडो घरांतली रोजची कमाई थांबली. संग्राहकाच्या हातातल्या ताटलीचा हा भागही त्याला ठाऊक असावा.

आता प्रत्यक्ष जमवण्याबद्दल. अमेरिकेत ही भांडी थ्रिफ्ट स्टोअर, गराज सेल, इस्टेट सेल आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत अजून मिळतात. सुट्या ताटल्या तर फारशा महागही नसतात. भांडं हाती घेतलं की आधी उलटं करावं. पाठीवर ठसा असला तर बरं, पण नसला म्हणून टाकून देऊ नये. ब्लू रिजची कित्येक भांडी बिनठशाची आहेत किंवा त्यांवर विकणाऱ्या दुकानाचा ठसा आहे. मग भिंगाखाली नक्षी पाहावी. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. रंगाचा कमीजास्त दाटपणा आणि केसांच्या रेघा दिसल्या तर कुंचला. काही नक्षींमध्ये बाह्यरेषा शिक्क्याने उमटवून आत हाताने रंग भरलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावं. कडेवरून नख फिरवलं की टवका कळतो. आणि बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशी बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारावी: नाद खणखणीत आला तर भांडं धड, बद आला तर कुठेतरी चीर आहे.

ग्लेझला वयोमानाने बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. त्यांतून तेल आणि हळद आत शिरली की डाग निघत नाही, म्हणून आपल्या स्वयंपाकाच्या संदर्भात हे विशेष सांभाळावं. डाग घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरू नये, त्याने ग्लेझ खराब होतं. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य. ताटल्या एकावर एक रचताना मध्ये कागद किंवा मऊ कापड घालावं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिशाची. त्या काळच्या ग्लेझमध्ये आणि रंगांमध्ये शिसं वापरणं सर्रास होतं. भांड्यांतून अन्नात किती शिसं उतरू शकतं, यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मर्यादा घातल्या त्या 1970 च्या दशकात, म्हणजे यांतली बहुतेक भांडी बनून गेल्यानंतर. आंबट पदार्थ शिसं लवकर ओढतात. सोलकढी, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, लिंबाचं लोणचं, ताक यांना ही भांडी अजिबात दाखवू नयेत, आणि लहान मुलांना किंवा गरोदर बाईला यांत जेवण वाढू नये. रोजच्या जेवणासाठी ही भांडी नकोतच. ती भिंतीवर, कपाटात, हातात घेऊन पाहण्यासाठी आहेत. सुकी, गार, थोडा वेळ ठेवायची वस्तू मांडायचीच झाली तर मध्ये काचेची बशी असावी.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपली मोठी वस्ती ज्या एडिसनच्या आसपास आहे, तिथून फ्लेमिंग्टन तासाभराच्या आत गाठता येतं, आणि फ्लेमिंग्टन हे स्टँगलच्या इतिहासातलं महत्त्वाचं ठिकाण. कंपनीचं दुकान तिथे होतं आणि लहानसहान दोषाचा माल स्वस्तात घ्यायला लोक लांबून येत. त्यामुळे या भागातल्या जुन्या घरांची आवराआवर निघते तेव्हा स्टँगलची भांडी अजून बाहेर येतात. ज्या मातीवर आपण घरं बांधली, मुलं वाढवली, तिथल्या कष्टकरी बायकांनी काय घडवलं, हे जाणून घेण्याचा हा सरळ रस्ता आहे. दूरच्या मराठी वाचकालाही हा विषय परका वाटायचं कारण नाही. नाव न घालता काम करून गेलेल्या कारागिरांची कमतरता आपल्याकडेही कधी नव्हती.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात माती, साचा, भट्टी आणि ग्लेझ. दुसऱ्या भागात एकेका कारखान्याची हकिकत, ठसे आणि आकार. तिसऱ्या भागात नक्षी वाचण्याचा सराव. तिथे एकाच नमुन्याच्या अनेक ताटल्या शेजारी शेजारी छापल्या आहेत. घाईने पान उलटू नये, फरक शोधत बसावं. शेवटच्या भागात खरेदी, सफाई आणि जपणूक. भाव मुद्दाम दिलेले नाहीत. ते दर वर्षी बदलतात आणि छापले की वाचक त्यांनाच धरून बसतो.

या कामात ज्यांनी आपली कपाटं उघडली, आईच्या आणि आजीच्या ताटल्या हाताळू दिल्या, त्या सर्वांची मी ऋणी आहे. युनिकॉय परगण्याच्या वारसा संग्रहालयात मांडलेली ब्लू रिजची भांडी ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर पाहावीत. अर्विनमध्ये ऑक्टोबरच्या सफरचंद महोत्सवाच्या दिवसांत संग्राहकांचं प्रदर्शन भरत आलं आहे. तिथे घासाघीस कमी करावी आणि विचारपूस जास्त करावी.

वाचकाकडून माझी एक अपेक्षा आहे. भांडं घ्याल तेव्हा त्याची नोंद ठेवा: कुठे मिळालं, कुणाच्या घरातून आलं, त्या घरातलं कुणी कारखान्यात होतं का. पुढून, मागून आणि कडेने फोटो काढा. एकाच नक्षीच्या दोन ताटल्यांत 'चांगली' ठेवून दुसरी विकू नका. दोन्ही ठेवा, कारण फरक त्या जोडीतच दिसतो. कोणती ताटली कुणी रंगवली, याची यादी कारखान्यांनी केली नाही, आणि रंगवणाऱ्या आता फारशा उरलेल्या नाहीत. कुठल्या हाताची रेघ कुठल्या हाताशी जुळते, हे जुळवून पाहण्याचं काम संग्राहकांनीच करायचं आहे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा अजून गराज सेलच्या टेबलांवर दोन-चार डॉलरला मिळतो आहे. तो फुटण्याआधी गोळा व्हायला हवा.